घडी कुठं मोडली ते आधी शोधा: ‘व्यवस्था आणि अनागोंदी’ या विषयावर लेख लिहिण्याची रीत

व्यवस्था आणि अनागोंदी या विषयावरचं लिखाण माझ्याकडे सतत वाचायला येतं. एम. ए.चे प्रकल्प असतात, वाचनमंडळातली टिपणं असतात, कधी एखादा शोधनिबंध. मुलं मन लावून लिहितात, संदर्भही कष्टानं जमवतात. तरी लेख एकाच जागी येऊन रुततो: ‘सुरुवातीला सगळं सुरळीत होतं, मग संकट आलं, सगळं विस्कटलं आणि शेवटी पुन्हा घडी बसली.’ हे वाक्य कुठल्याही गोष्टीला लावता येतं, म्हणून त्यातून हातातल्या पुस्तकाविषयी काहीच कळत नाही.

गफलत कामाच्या क्रमात होते. आधी मत ठरतं, मग त्याला पुरावे हुडकले जातात. खालचा क्रम उलटा आहे: आधी पुस्तकातले नियम, मग त्यांना गेलेले तडे, मग त्या पडझडीची स्वतःची रीत, आणि मत सगळ्यात शेवटी. एका पुस्तकाला तीन आठवडे धरून चला. पहिले दोन आठवडे टिपणं सोडून लेखाची एक ओळही लिहायची नाही. हे जड जातं, पण तेवढं पाळाच.

## तयारी

एकच पुस्तक घ्या. ‘मराठी कादंबरीतील व्यवस्था आणि अनागोंदी’ हा विषय चार वर्षांचा आहे, चार आठवड्यांचा नाही. पहिलीच वेळ असेल तर आटोपशीर आणि दोनदा वाचून होईल असं काही निवडा. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (1955) किंवा विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ (1972) या कामाला उत्तम. महाभारत घ्यायचंच असेल तर सभापर्वातलं द्यूत एवढाच भाग घ्या.

प्रत शेवटपर्यंत एकच ठेवा. आवृत्ती बदलली की पान क्रमांक बदलतात आणि सगळी टिपणं वाया जातात. पुस्तक कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिरातून किंवा शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयातून आणणार असाल तर पेन्सिल लावायची नाही. कागदाच्या पट्ट्या कापून घ्या आणि त्यांवर लिहा. ग्रंथालयाच्या प्रतीत आधीच्या वाचकाच्या खुणा असतील तर निम्मं लक्ष त्याच खेचून घेतात. अशी प्रत शक्यतो बदलून घ्या.

वहीचं जोडपान उघडून चार रकाने आखा: पान, नियम, तो पाळायला कोण लावतं, तो कुठं मोडतो. चौथा रकाना रुंद ठेवा.

पहिलं वाचन रिकाम्या हातानं करा. पुस्तक संपल्यावर तीन ओळी लिहून तारीख टाका आणि पान दुमडून ठेवा. शेवटच्या तपासणीला ते लागणार आहे.

सावधान. वाचनाआधी समीक्षा वाचू नका. एकदा कुणी ‘ही अराजकाची कादंबरी आहे’ असं सांगितलं की तुम्हाला पानोपानी अराजकच दिसायला लागतं.

## टप्पा 1: शब्द पक्के करा

या विषयात मराठीकडे शब्दांची श्रीमंती आहे. आपण मात्र सगळे एकाच पोत्यात भरतो आणि लेखभर ‘गोंधळ’ आणि ‘अनागोंदी’ आलटून पालटून वापरतो. प्रत्येक शब्द वेगळी परिस्थिती सांगतो.

पसारा म्हणजे वस्तू जागेवर नाहीत; जागा ठरलेली आहे, आवरलं की काम झालं. अराजक म्हणजे सत्तेची जागाच रिकामी. बेबंदशाहीत सत्ता आहे, माणूस गादीवर बसलाय, फक्त त्याला कुणाचा अटकाव उरलेला नाही. अनागोंदी कारभारात कागद आहेत, माणसं आहेत, हुकूम सुटतायत, पण कुणी कशाला जबाबदार नाही. मात्स्यन्याय म्हणजे मोठा मासा लहान माशाला खातो ती अवस्था. दंड धरणारा नसला की हेच होतं, असं कौटिल्य ‘अर्थशास्त्रा’त सांगतो. आणि प्रलयात नियम करणारे, मोडणारे सगळेच बुडतात.

आता हे वापरून बघा. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मध्ये म्हातारा राजा जिवंतपणीच राज्य वाटून मोकळा होतो. पदवी ठेवतो, अधिकार देऊन टाकतो. तिथं अराजक हा शब्द बसतो, कारण मधली जागा त्यानं स्वतः रिकामी केली. त्याच्याच ‘मॅकबेथ’मध्ये गादी रिकामी नाही, उलट कुणीतरी ती गच्च धरून बसलाय. तिथं बेबंदशाही म्हणा. एका शब्दाच्या फरकानं लेखाची दिशा बदलते.

‘गोंधळ’ या शब्दापाशी जरा थांबू या, कारण या विषयाची किल्ली मला तिथं सापडली. घरात लग्न झालं की आपल्याकडे गोंधळ घालतात. गोंधळी येतात, पाटावर चौक मांडतात, दिवटी पेटते, संबळ आणि तुणतुणं लागतं. आधी गण, मग एकेका देवाला नाव घेऊन बोलावणं. त्यात कोल्हापूरच्या अंबाबाईला हाक जाते, तुळजापूरच्या भवानीला जाते. मग आख्यान, शेवटी आरती. रात्रभर आवाज आहे, नाच आहे, लहान पोरं कोपऱ्यात घाबरून बसलेली आहेत, आणि तरीही एकही गोष्ट जागा सोडून होत नाही. ज्या भाषेनं या विधीला आणि बाजारातल्या कल्लोळाला एकच शब्द दिला, त्या भाषेच्या वाचकाला तरी हे दिसायला हवं की बाहेरून जो नुसता कल्लोळ वाटतो त्याला आतून रीत असू शकते.

सावधान. लेखाची सुरुवात ग्रीकांपासून करू नका. हेसिअडच्या ‘थिऑगनी’त सर्वांत आधी खाओस झालं असं येतं खरं, पण तिथं त्या शब्दाचा अर्थ आ वासलेली पोकळी असा आहे. गोंधळ हा अर्थ नंतरचा. तीच गत ऋग्वेदातल्या नासदीय सूक्ताची (10.129): ते सत्-असत् दोन्ही नसल्याविषयी बोलतं, विस्कटण्याविषयी नाही. माझ्या स्वतःच्या पहिल्या प्रबंधिकेची सुरुवातीची अकरा पानं या दोघांवर होती. मार्गदर्शकांनी ती अकरा पानं टाचणीसकट काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ‘बारापासून वाचतो.’ लेखाचं काहीच बिघडलं नव्हतं.

## टप्पा 2: नियमांची यादी करा

दुसरं वाचन सुरू करा. या वेळी घटनांकडे बघायचं नाही, नियमांकडे बघायचं. कोण आधी बसतं, कोण उभं राहतं, कुणाला काय नावानं हाक मारतात, कुठल्या उंबऱ्याच्या आत कोण येत नाही, दिवस कशानं सुरू होतो, पैसा कुणाच्या हातात असतो. पहिल्या चौथाई पुस्तकातून किमान पंधरा नियम निघाले पाहिजेत.

‘बनगरवाडी’त बघा. तरुण मास्तर धनगरांच्या एका लहानशा वस्तीत शाळा चालवायला येतो. शाळा आहे, पण पोरं नाहीत. आता नोंद काय करायची? ‘गावात अज्ञान होतं’ अशी नोंद निरुपयोगी. नोंद अशी करा: या गावात कुठलंही काम व्हायचं तर ते कारभाऱ्याच्या शब्दानं होतं. दुसरी: गावाचा दिवस मेंढरं ठरवतात, घड्याळ नाही. म्हणजे मास्तर येण्याआधीच तिथं एक पक्की घडी आहे आणि शाळेचं वेळापत्रक ही त्यात शिरू बघणारी परकी घडी आहे. इतकं वहीत उतरलं की ‘मास्तरानं गावाला शिस्त लावली’ हे सोपं वाक्य तुमच्या हातून लिहून होणार नाही.

पुढे गाव मिळून तालीम बांधतं. कोल्हापुरातल्या वाचकाला तालीम समजावून सांगायला नको: पहाटे उठण्याची वेळ, वस्तादाचा शब्द, आखाड्याच्या मातीत पाय टाकण्याआधीचा नमस्कार. एवढे सगळे नियम गाव हौसेनं स्वतःवर घेतंय. यादीत हे वेगळ्या शाईनं लिहा, कारण लादलेली व्यवस्था आणि आपण होऊन उभी केलेली व्यवस्था यांच्या पडझडीचं दुःख वेगवेगळं असतं.

तपासा. यादीत ‘प्रेम’, ‘विश्वास’, ‘परंपरा’ असे शब्द आलेत का? खोडा. त्या जागी डोळ्यांना दिसणारी कृती लिहा.

## टप्पा 3: इशारा पातळी आणि धोका पातळी

पावसाळ्यात कोल्हापुरात माणूस भेटला की पहिला प्रश्न असतो, ‘पाणी किती फुटांवर?’ राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. हे दोन आकडे इथं शाळकरी पोरालाही पाठ असतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्याही वर गेलं. त्या आठवड्यातली एक गोष्ट माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. ओळखीच्या एका घरात आजींनी देवघरातले टाक फडक्यात गुंडाळून पिशवीत घातले होते आणि ती पिशवी खुंटीला, हाताला येईल अशी, टांगली होती. अंगणात तेव्हा थेंबभर पाणी नव्हतं. चुलीवर भाकरी चालू होती. पण देव आपली जागा सोडून खुंटीवर गेले होते, म्हणजे त्या घराची घडी मोडायला सुरुवात झाली होती.

पुस्तकात हेच दोन क्षण शोधायचे. बहुतेक जण थेट 43 वर जातात: खून, भांडण, दुष्काळ, पूर. तो क्षण सगळ्यांना दिसतो, तो सांगून तुम्ही काही कमावत नाही. लेखाचं खरं काम 39 पाशी आहे, जिथं बाहेर सगळं शांत असतं आणि एखादीच वस्तू, एखादाच शब्द जागा सोडतो.

‘मॅकबेथ’ घ्या. शिरवाडकरांनी ‘राजमुकुट’ या नावानं ते मराठीत आणलं आहे. राजाचा खून ही धोका पातळी. त्याच्या आधी, पहिल्या अंकाच्या सातव्या प्रवेशात, मॅकबेथ एकटाच बोलत असताना हिशेब मांडतो: मी याचा नातलग, मी याचा चाकर, आणि आज मी याचा यजमान, दार लावून याला जपायचं काम माझं. मोडायचे नियम तो स्वतः क्रमानं मोजतो. इशारा पातळी ती.

आणि मोडलेली घडी किती खाली गेली हे बघायचं तर तिसऱ्या अंकातली मेजवानी बघा. सुरुवातीला नवा राजा मॅकबेथ सरदारांना म्हणतो, आपापला मान तुम्हाला ठाऊक आहे, बसा. पंगत मानाप्रमाणे बसते. मग मॅकबेथनंच मारवलेल्या बँकोचं भूत येऊन नेमकं राजाच्याच जागेवर बसतं. प्रवेश संपता संपता राणी त्याच सरदारांना सांगते की कोण आधी उठणार याचा मान बघत बसू नका, ताबडतोब निघा. पंगतीत आधी कोण उठतं यावरून आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या बोलणं बंद झालेली घरं आहेत, त्यामुळे मराठी वाचकाला याचा अर्थ लगेच लागतो. एका जेवणाच्या आत राज्य संपलेलं दाखवलंय, आणि ते पाहुण्यांच्या उठण्याबसण्यातून दाखवलंय. लेखात असे दोन प्रवेश शेजारी शेजारी ठेवता आले की पाच पानांचं विवेचन लिहायचं वाचतं.

सावधान. प्रत्येक पडझडीला खलनायक शोधू नका. ‘बनगरवाडी’ उद्ध्वस्त होते ती अवर्षणानं. पाऊस येत नाही, मेंढरं जगत नाहीत, माणसं गाव सोडून जातात. कारभारी, मास्तर, गावकरी यांच्यातला कुणी त्याला कारण नाही. तरी कुणीतरी दोषी ठरवणारे लेख मी वाचले आहेत, कारण ‘व्यवस्था मोडली म्हणजे ती कुणीतरी मोडली’ हे डोक्यात आधीच पक्कं असतं.

## टप्पा 4: घडी कुणाच्या सोयीची होती?

सर्वांत जास्त गुण आणि सर्वांत जास्त अर्थ इथं हातचा जातो. व्यवस्था म्हणजे चांगली आणि अनागोंदी म्हणजे वाईट, असं धरून लेख सुरू झाला की तो कितीही नेटका लिहिला तरी उथळच राहतो.

वहीतला तिसरा रकाना पुन्हा वाचा. प्रत्येक नियमासमोर लिहा: हा मोडला तर कुणाचं नुकसान, कुणाची सुटका?

‘घाशीराम कोतवाल’मध्ये घाशीराम कोतवाल होतो आणि पुण्यात कडक शिस्त येते. रात्री बाहेर पडायला परवाना, चौकशी, झडती. कागदावर बघितलं तर ही सुव्यवस्थाच आहे. ती मिळवण्यासाठी घाशीरामानं पोटची मुलगी नाना फडणविसाच्या हवाली केलेली आहे. शेवटी जमाव घाशीरामाला मारतो आणि ज्याच्या सहीनं हे सगळं सुरू झालं तोच नाना पुण्याला उत्सव करायला सांगतो. आता ‘शेवटी पुन्हा घडी बसली’ असं लिहाल का? घडी मोडलीच नव्हती. घाशीराम तिचा एक खिळा होता, तो उपटून फेकला.

द्यूतसभा याहून अवघड आहे. फाशांचा खेळ नियमानं चालू आहे, सभेत वडीलधारे बसलेत, पणही रीतीनं लावले जातायत. द्रौपदीला बोलावणं येतं तेव्हा ती जो प्रश्न परत पाठवते तो क्रमाचा प्रश्न आहे: आधी स्वतःला हरलास की मला? एवढी जाणती सभा, पण तिला सरळ उत्तर मिळत नाही. भीष्म धर्माची गती सूक्ष्म आहे म्हणून थांबतो, दुर्योधनाचा भाऊ विकर्ण तिच्या बाजूनं बोलतो, त्याला गप्प केलं जातं. इथली अनागोंदी नियम पाळता पाळता घडते, आणि व्यवस्थेची भाषा सर्वांत नेमकी बोलते ती जिच्यावर अन्याय होतोय तीच. या प्रसंगावर लिहायचं असेल तर ‘धर्म विरुद्ध अधर्म’ ही जोडी बाजूला ठेवून त्या एका प्रश्नावरच सबंध लेख उभा करा. पुरून उरेल.

यानंतर पडझडीची रीत शोधा. अनागोंदी कुठल्या क्रमानं पसरते? आधी भाषा जाते की जेवण, आधी नाती की पैसा? मॅकबेथमध्ये खुनानंतर निसर्गापर्यंत ती पोचते: दिवसा अंधार होतो, घुबड ससाण्याला मारतं, मेलेल्या राजाचे घोडे एकमेकांना खातात. तिन्ही उदाहरणांत खालच्यानं वरच्यावर किंवा आपल्यानं आपल्यावर उठणं आहे, म्हणजे मॅकबेथनं जे केलं तेच. बाहेरून कल्लोळ, आतून ठरलेली रीत. गोंधळाचा चौक आठवा.

तपासा. ‘या पुस्तकात अनागोंदी कुठल्या क्रमानं पसरते’ याचं उत्तर दोन वाक्यांत देता येतंय का? येत नसेल तर टप्पा 3 पुन्हा करा. पुढे जाऊ नका.

## टप्पा 5: मांडणीतली घडी बघा

आतापर्यंत गोष्टीत काय होतं ते बघितलं. आता पुस्तक स्वतः कसं बांधलंय ते बघा. भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’त (1963) ‘उदाहरणार्थ’ हा शब्द जिथं कसलंच उदाहरण नाही तिथं येऊन बसतो. शिस्तशीर युक्तिवादाचा शब्द, आणि पुढे युक्तिवादच नाही. मधे दैनंदिनी येते. ही विस्कळीत वाटणारी रचना लेखकानं जाणून केलेली आहे. ‘लेखकाची पकड सुटली आहे’ असा शेरा मारण्याआधी तो विस्कळीतपणा परत परत त्याच तऱ्हेनं येतो का ते तपासा. परत येत असेल तर ती रीत आहे.

उलटंही घडतं. ‘घाशीराम’मध्ये माणसांची एक रांग रंगमंचावर भिंत होते, डोलते, गाते, फुटते, पुन्हा जुळते. सगळ्यात क्रूर गोष्टी सर्वांत तालबद्ध रचनेत घडतात. शक्य असेल तर प्रयोग बघा किंवा निदान संहिता चार जणांत मोठ्यानं वाचा. डोळ्यांनी वाचताना हा ताल हातून निसटतो.

या टप्प्यावर फार दिवस घालवू नका. रचनेतली दोन ठोस निरीक्षणं पुरतात.

## टप्पा 6: आता मत लिहा

एक वाक्य लिहा. त्यात तीन गोष्टी हव्यात: कुठली घडी, ती कशानं मोडते, आणि त्यातून काय उघडं पडतं. नमुना: ‘बनगरवाडीत मास्तरानं आणलेली शिस्त आणि गावाची जुनी घडी एकमेकींत मिसळून तालमीच्या रूपानं उभ्या राहतात, आणि नेमक्या त्याच वेळी कळतं की दोन्ही पावसाच्या भरवशावर होत्या.’ हे वाक्य दुसऱ्या कुठल्या पुस्तकाला लागू पडतं का बघा. पडत असेल तर ते अजून तयार नाही.

## टप्पा 7: लेखाची मांडणी

1. पहिला परिच्छेद एका प्रसंगानं उघडा, शक्यतो इशारा पातळीच्या. लेखकाचा जन्म, पुरस्कार, कालखंड काही नको.
2. लगेच तुमचं वाक्य.
3. मोडण्याआधीची घडी: पंधरातले तीनच नियम, जे पुढे मोडणार आहेत तेवढेच.
4. तडा, आणि तो पसरण्याचा क्रम. लेखाचा निम्मा भाग इथं जाऊ द्या.
5. कुणाचं नुकसान, कुणाची सुटका.
6. रचनेतली दोन निरीक्षणं. ती स्वतंत्र विभागात न टाकता चौथ्या मुद्द्यात विणता आली तर उत्तम.

कथानक सांगायला सगळे मिळून दहा ओळींहून जास्त देऊ नका. अवतरण दिलं की त्याखाली त्यातल्या एका तरी शब्दाविषयी बोला. नुसतं अवतरण ठेवून पुढे गेलात तर वाचक ते ओलांडून जातो.

## टप्पा 8: तपासणी

लेख दोन दिवस बाजूला ठेवा. मग प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य मोठ्यानं वाचा. त्यांतून युक्तिवाद पुढे सरकतोय की गोष्ट पुढे सरकतेय? गोष्ट सरकत असेल तर तुम्ही सारांश लिहिलाय. परिच्छेद कापून जागा बदला, नवीन काही लिहू नका.

टप्पा 1 मधला जो शब्द निवडला तोच लेखभर आहे का बघा. पहिल्या पानावर ‘बेबंदशाही’ आणि सातव्यावर ‘अराजक’ असेल तर दोन्हींतला एक खोटा आहे.

सगळ्यात शेवटी ते दुमडलेलं पान उघडा, पहिल्या वाचनानंतरच्या तीन ओळींचं. त्या ओळी आणि आजचं तुमचं वाक्य सारखंच निघालं तर वहीतला चौथा रकाना पुन्हा एकदा सावकाश वाचा. तिथं अशी एखादी नोंद बहुधा सापडते जी लेखात कुठंच बसली नाही म्हणून तुम्ही सोडून दिली होती. ती घ्या, तिचं पान उघडा आणि तिथून परत वाचायला लागा.